तेलाची धार

काल रात्री दोन बरण्या पायरीवर ठेवल्या, उघड्यावर.
जॅमच्या बरण्या, बायकोनं धुऊन दिलेल्या.
एकीत शून्य डब्ल्यू चाळीस,
दुसरीत दहा डब्ल्यू साठ.
सकाळी पारा उणे अठ्ठावीस.
आत आणून फळीवर आडव्या केल्या.
पहिलं तेल जरा विचार करून निघालं.
दुसरं काकवीसारखं,
बुडाशी धरून बसलं, हलेना.

तेल पाहा, तेलाची धार पाहा,
म्हणतात ते आमच्या धंद्यात शब्दशः घ्यावं लागतं.
तो डब्ल्यू वजनाचा नव्हे, हिवाळ्याचा.
सुओनेन्योकीत हे गॅरेज उघडल्यापासून
गिऱ्हाइकांना सांगतोय.
ऐकतात, मान डोलावतात,
आणि डब्यावरचा मोठा आकडा बघून पैसे देतात.

आउने वेस्तेरिनेन साडेनऊला आली,
टोपीवरचा बर्फ झटकत. हातात राइमोची वही.
राइमो सप्टेंबरात गेला.
गाडी काल ट्रेलरवरून आणली, ती माझ्याकडेच उभी:
पिवळी, दोन दारांची, सहा सिलिंडर एका रांगेत,
तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा अंगावर धावून येणारी.

वहीत दर मे महिन्याची तारीख, किलोमीटर, साडेपाच लिटर,
आणि प्रत्येक पानावर तेच: दहा डब्ल्यू साठ.
खाली दोन रेघा.
एका पानावर तीन. त्या वर्षी कुणाशी वाद झाला असेल.
बहुतेक माझ्याशीच.

"तळ्यावरचा बर्फाचा रस्ता उघडलाय," ती म्हणाली.
"एकोणीस वर्षं शेजारच्या सीटवर बसले.
आता उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही मला."

मी तिला बरण्या दाखवल्या.
म्हटलं, राइमोचं चुकलं नव्हतं.
आठ हजार फेऱ्यांवर बेअरिंगच्या फटीत जाड थर लागतो,
नाहीतर धातू धातूला भेटतो, आणि ती भेट महागात पडते.
पण त्यानं ही गाडी कधी थंडीत चालू केलीच नाही.
त्याचं तेल जुलैचं. जुन्या धावपट्टीवरच्या दुपारचं.
आज ते पंपाला ओढवेपर्यंत
वरचे कॅमशाफ्ट कोरडेच फिरतील.

"आणि हे पातळ? किती फेऱ्यांपर्यंत?"
चार हजार. फार तर साडेचार.
ती हसली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"चार हजारांच्या वर गेला की
मला त्याचं बोलणं ऐकू यायचं नाही.
तो बोलतच असायचा. मी नुसतं हो म्हणायची.
चार हजार पुरेत."

हीटरची पिन खोचली, तीन तास इंजिन शेकलं.
मग जुनं तेल सोडलं: काळं, जड, गरम,
बोटांत चोळलं तर अजून सशक्त.
फिल्टर कापून घड्या उलगडल्या.
पितळी कण, तिळाहून बारीक. सात.
सांगू की नको, असं झालं. सांगितलं.
तिनं चष्मा वर केला, एक कण बोटावर घेतला.
"हे त्याचे आठ हजार," म्हणाली,
आणि बोट कोटाला पुसलं.

साडेपाच लिटर. मधाच्या रंगाची धार,
नरसाळ्यात न अडखळता उतरली.
कांडी पुसून पाहिली, पुन्हा पाहिली.
इंजिन दुसऱ्या फेरीत लागलं.

टॅकोमीटरवर नारिंगी दिव्यांची कड उजळली.
तेल तापेल तसे ते विझतात, एकेक.
राइमोला तेवढाही धीर नसायचा.
ती हात मांडीवर ठेवून बसली,
रेडिओ नाही, पाय पेडलवर नाही,
शेवटचा दिवा विझेपर्यंत.
मग पहिला गिअर, जरासा कर्कश,
आणि फाटकाबाहेर, डावीकडे, तळ्याकडे.

वही फळीवरच राहिली.
विसरली की ठेवली, कोण जाणे.
आजची तारीख घालावी म्हणून पेन काढलं,
आणि त्या दोन रेघा बघून परत खिशात ठेवलं.

दुसरी बरणी अजून आडवीच होती.
शेगडीच्या उबेत
तेही आता निघालं होतं,
सावकाश, जाडजूड,
झाकणापर्यंत पोचलेलं.